घोडा नावावर होण्याआधी: नव्या मालकांसाठी कागद, पैसा आणि जबाबदारी

घोडा घेताना माणूस रंग बघतो, चाल बघतो, स्वभाव बघतो, किमतीवर घासाघीस करतो. कागदांचं नंतर बघू म्हणतो. हे ‘नंतर’ बहुतेक वेळा घोडा आजारी पडल्यावर उगवतं. तोवर विकणारा, एजंट, तबेलेवाला आणि विमा कंपनी यांच्यापैकी प्रत्येकाला काय ठरलं होतं ते वेगवेगळं आठवत असतं.

मी स्वतःचा घोडा दुसऱ्याच्या तबेल्यात ठेवला आहे आणि पुढे काही वर्षं इतरांचे घोडे सांभाळायलाही घेतले आहेत. म्हणजे त्याच करारावर दोन्ही बाजूंनी सह्या केल्यात. त्यातून एक सवय लागली. समोर येईल त्या कागदाला मी एकच प्रश्न विचारतो: उद्या सकाळी घोडा लंगडत बाहेर आला, तर पैसे कोणाचे आणि निर्णय कोणाचा? याचं उत्तर कागदात सापडलं नाही, तर तो कागद अपुरा, मग त्यावर कितीही शिक्के असोत.

कायदे देशागणिक बदलतात, काही देशांत राज्यागणिकही. खाली जिथे देशाचं नाव घेतलंय तिथे तो नियम तिथलाच समजा आणि आपल्याकडचा नियम वकिलाला विचारा. वकिलाकडे जाताना काय विचारायचं हे माहीत असलं की त्याचा वेळ आणि तुमचे पैसे दोन्ही वाचतात. हा लेख त्यासाठी आहे.

१. किंमत बाजूला ठेवा, वर्षाचा खर्च मांडा

घोडा साधारण पंचवीस-तीस वर्षं जगतो. पाठीवर बसण्याजोगी वर्षं त्याहून बरीच कमी असतात. खरेदीची रक्कम एकदाच जाते, बाकीचा खर्च रोज उगवतो. ५०० किलोच्या घोड्याला रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे साडेसात ते दहा किलो सुका चारा लागतो. नालबंद दर सहा ते आठ आठवड्यांनी. दात वर्षातून एकदा तरी तपासून घासून घ्यायचे. त्याशिवाय लसी, जंतनाशक, खोगीर-लगामाची डागडुजी, ने-आण, विम्याचा हप्ता. घोडा कामाला येत नसला तरी यातलं जवळजवळ काहीच थांबत नाही. लंगडा घोडा तेवढाच चारा खातो.

हिशेबाचे तीन रकाने करा: महिन्याचा ठरलेला खर्च, वर्षातून एक-दोनदा येणारा खर्च आणि अचानक कोसळणारा खर्च. तिसऱ्या रकान्यात आकडा कुठून आणायचा? पशुवैद्यकाला थेट विचारा: घोड्याच्या पोटाची, म्हणजे कोलिकची (तीव्र पोटदुखीची) शस्त्रक्रिया जवळात जवळ कुठे होते, तिथे पोचायला किती वेळ लागतो, आणि बिल अंदाजे किती होतं? तो आकडा ऐकून घोडा घ्यायचा बेत बारगळला तर वाईट वाटून घेऊ नका. चांगल्या तबेल्यात आठवड्यातून दोन रपेटी मारूनही घोड्याची हौस भागते.

२. मध्यस्थ कोणाचा आहे, ते आधी ठरवा

घोड्यांच्या व्यवहारात कोणी ना कोणी मधे असतोच: प्रशिक्षक, ओळखीचा तबेलेवाला, दलाल. तो तुमच्या वतीने घोडा शोधतोय असं तुम्हाला वाटत असतं, आणि विकणाऱ्याकडून त्याचं कमिशन वेगळं ठरलेलं असतं. कधी तर तो मालकाने सांगितलेल्या किमतीवर स्वतःची रक्कम चढवून तुम्हाला सांगतो आणि मधला फरक खिशात टाकतो. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात हा प्रकार इतका बोकाळला की शर्यतीच्या आणि शोच्या घोड्यांसाठी त्यांनी वेगळा कायदाच केला: दोन्ही बाजूंचं कमिशन घ्यायचं असेल तर दोघांनाही कळवून त्यांची लेखी संमती घ्यायची.

तुमच्याकडे असा कायदा असो-नसो, मध्यस्थाशी एका पानाचं पत्र करा. कमिशन किती, देणार कोण, दुसऱ्या बाजूकडून काही घेणार आहे का. आणि पैसे मध्यस्थाच्या खात्यात भरू नका, मालकाच्या खात्यात भरा. ‘मालक बाहेरगावी आहेत, माझ्याकडेच द्या’ असं कोणी म्हणालं, तर मालक परत येईपर्यंत घोडाही तिथेच राहू द्या.

३. तपासणी: डॉक्टर तुमचा, दिवस तुमचा

खरेदीआधीची वैद्यकीय तपासणी विकणाऱ्याच्या नेहमीच्या पशुवैद्यकाकडून करून घेऊ नका. तो माणूस प्रामाणिक असेलही, पण त्याचं गिऱ्हाईक समोरच्या बाजूला उभं आहे. नाइलाजाने तोच घ्यावा लागला तर त्याने ते अहवालात नमूद करावं आणि घोड्याचा जुना इतिहास तुम्हाला दाखवायला विकणाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी.

ब्रिटनमध्ये ही तपासणी पाच टप्प्यांत होते आणि तो क्रम कुठेही वापरण्यासारखा आहे. आधी उभ्या घोड्याची तपासणी: डोळे, हृदय, दात, पाय, खूर. मग हातात धरून चालवणं आणि दुडक्या चालीने पळवणं. मग स्वाराला बसवून व्यायाम. मग विश्रांती, ज्यात श्वास आणि हृदयाचे ठोके किती वेळात पूर्ववत होतात ते पाहतात. आणि शेवटी परत एकदा दुडकी चाल. शेवटचा टप्पा घाईत गाळला जातो, आणि व्यायामानंतर आखडणारा पाय नेमका तेव्हाच दिसतो. सांध्याची चाचणी घेताना पाय साधारण मिनिटभर वाकवून धरतात आणि सोडल्यासोडल्या घोड्याला पळवतात. पहिल्या चार-सहा पावलांकडे बारीक लक्ष ठेवा.

रक्ताचा नमुना घ्यायला सांगाच. फेनिलब्युटाझोनसारखं दुखणं दाबणारं औषध दिलेला लंगडा घोडा त्या दिवशी ताठ मानेने चालून दाखवतो. नमुना लगेच तपासायची गरज नसते. ब्रिटनमध्ये तो साधारण सहा महिने प्रयोगशाळेत जपून ठेवतात आणि पुढे शंका आली तरच उघडतात. नमुना घेणार म्हटल्यावर विकणाऱ्याचा चेहरा कसा होतो, हीसुद्धा एक तपासणीच.

घोडा कशासाठी हवाय हे डॉक्टरला लिहून द्या. अहवालात पास-नापास नसतं. अमुक कामासाठी आज हा घोडा योग्य वाटतो, एवढंच मत असतं. लहान मुलांच्या रपेटीसाठी म्हणून तपासलेल्या घोड्याला अडथळ्यांवरून उड्या मारायला लावल्यात, तर त्या अहवालाचा आधार तुम्हाला मिळणार नाही.

सापळा: ‘आठवडाभर घेऊन जा, आवडला तर ठेवा.’ ऐकायला गोड लागतं. पण त्या आठवड्यात घोडा तुमच्या ताब्यात असतो आणि मालकी विकणाऱ्याची. तुमचा विमा घोडा तुमचा नाही म्हणून हात वर करतो, त्याचा विमा घोडा त्याच्याकडे नव्हता म्हणून. चाचणीच्या काळासाठी वेगळा कागद करा: कुठल्या तारखेपर्यंत, कोण बसणार, कुठे फिरवणार, दुखापत झाली तर खर्च कोणाचा.

४. खरेदीखत: एक पान पुरे, पण नेमकं

तोंडी व्यवहारही बऱ्याच देशांत कायद्याने व्यवहारच असतो. अडचण तो सिद्ध करताना येते. खरेदीखतात एवढं असू द्या:

- दोघांची नावं, पत्ते, ओळखपत्रांचे क्रमांक
- घोड्याची ओळख: वय, रंग, लिंग, चिपचा (ओळखीसाठी कातडीखाली टोचलेल्या मायक्रोचिपचा) क्रमांक, कपाळावरचा आणि पायांवरचा पांढरा भाग, भोवरे, जुने व्रण
- किंमत, कशी दिली, ॲडव्हान्स परत मिळणार की नाही आणि कोणत्या कारणाने
- घोडा विकणाऱ्याच्या मालकीचा आहे, त्यावर कर्ज, थकीत तबेला-बिल किंवा सहमालकाचा हक्क नाही, असं विकणाऱ्याचं लेखी विधान
- माहीत असलेले आजार आणि खोडी: आधी झालेलं कोलिक, दुखणं जाणवू नये म्हणून पायाचा मज्जातंतू कापलेला असणं, लाकूड चावून हवा गिळणं, जागेवर डुलत राहणं, गाडीत न चढणं
- सोबत काय येणार: खोगीर, लगाम, कागदपत्रं
- जोखीम कोणत्या क्षणी बदलणार

शेवटचा मुद्दा बहुतेक नमुन्यांत नसतो. पैसे दिलेत, गाडी आली आहे आणि चढताना फळीवरून घसरून घोड्याचा पाय मोडला. आता तो कोणाचा? ‘घोडा गाडीत चढून मागचं फाळकं बंद झाल्यापासून जोखीम घेणाऱ्याची’ असं एक वाक्य लिहिलेलं असेल तर वाद उरत नाही. विमाही त्याच क्षणापासून सुरू करायचा.

‘जसा आहे तसा’ हे शब्द खरेदीखतात दिसले तर थांबा. त्यांचा रोख असा की विकणारा कशाचीच हमी देत नाही. स्वस्त घोड्याच्या बाबतीत ते मान्यही करता येईल, पण मग किंमतही त्या हिशेबाने हवी. विकणारा व्यापारी आहे की खासगी मालक, यावरही बरंच अवलंबून असतं. ब्रिटनमध्ये २०१५च्या ग्राहक हक्क कायद्यात घोडा ‘माल’ धरला जातो. व्यापाऱ्याकडून घेतलेला सदोष निघाला तर पहिल्या तीस दिवसांत परत करून पैसे मागता येतात. खासगी मालकाकडून घेतलात तर घोडा सांगितलेल्या वर्णनाशी जुळला पाहिजे, याहून फारसं संरक्षण नाही. म्हणून जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि मेसेज जपून ठेवा. ‘लहान मुलंही बसतात’ हे वाक्य पुढे पुरावा म्हणून लागू शकतं.

५. ओळखीचे कागद आणि मालकीचे कागद वेगळे

चिपमध्ये पंधरा आकडी क्रमांक असतो. ती सहसा मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीच्या खाली, कान आणि खांद्याचा उंचवटा यांच्या साधारण मधे टोचलेली असते. तपासणीच्या दिवशी स्कॅनर फिरवून क्रमांक कागदाशी ताडून घ्या. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२०पासून प्रत्येक घोड्याला चिप सक्तीची आहे आणि घोड्याचा पासपोर्टही (ओळखीची पुस्तिका) लागतो. पण त्या पासपोर्टवर मालक म्हणून नाव असलं तरी तो मालकीचा पुरावा धरला जात नाही. वंशावळीच्या नोंदवहीचंही बहुतेक ठिकाणी तसंच. मालकी दाखवायला खरेदीखत आणि पैसे दिल्याची नोंद लागते.

आरोग्याच्या कागदांत दोन रोगांचे अहवाल महत्त्वाचे. एक घोड्यांचा संसर्गजन्य रक्तक्षय. त्याची चाचणी १९७०च्या दशकात लिरॉय कॉगिन्स यांनी विकसित केली, म्हणून ती कॉगिन्स टेस्ट. या रोगावर इलाज नाही आणि लागण झालेला घोडा जन्मभर वाहक राहतो. दुसरा ग्लँडर्स, जो माणसालाही होतो. भारतात जनावरांच्या संसर्गजन्य रोगांसाठीच्या २००९च्या कायद्याखाली तो कळवणं बंधनकारक आहे. बाधित घोड्याला दयामरण द्यावं लागतं आणि आसपासच्या घोड्यांच्या ने-आणीवर बंधनं येतात. तबेला चालवत असाल तर नवा घोडा आत घेण्याआधी हे अहवाल मागा आणि आल्यावर काही दिवस त्याला वेगळा बांधा. समोरचा कितीही ओळखीचा असला तरी.

फाइल अशी लावा: खरेदीखत आणि बँकेची नोंद, तपासणीचा अहवाल, पासपोर्ट किंवा ओळखपत्र, चिपच्या नोंदणीवर नाव बदलल्याची पावती, लसीकरण आणि चाचण्या, विमा पॉलिसी (संपूर्ण, नुसतं पहिलं पान नव्हे), तबेल्याचा करार, नालबंद-डॉक्टरांची बिलं आणि दरवर्षी चारही बाजूंनी काढलेले फोटो. फोनमध्ये एक प्रत ठेवा. घोडा चोरीला जातो किंवा आजारी पडतो तेव्हा फाइल घरी असते.

६. तबेल्याशी करार

नव्या मालकाची सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात, म्हणून जरा सविस्तर.

घोडा दुसऱ्याच्या तबेल्यात ठेवला की मालकी तुमची आणि ताबा त्याचा. भारतीय करार कायदा, १८७२ अशा ताबेदाराकडून एवढीच अपेक्षा ठेवतो की साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी त्याने घ्यावी. ‘तेवढी’ म्हणजे किती, हे कोर्टात ठरवण्यापेक्षा करारात लिहिलेलं बरं. ‘चारापाणी आणि देखभाल’ हे शब्द काहीच सांगत नाहीत. चारा किलोत लिहा, घमेल्यात नको. दाणा कुठला, दिवसातून किती वेळा, मोकळं सोडणार किती तास, कोणत्या घोड्यांसोबत, शेण काढणं आणि खरारा यात धरलाय का, नालबंदाच्या वेळी घोडा कोण धरणार. दरवाढीची पूर्वसूचना किती दिवस आधी. सोडून जायचं असेल तर नोटीस किती दिवसांची.

आजारपणाचं कलम करारातलं सगळ्यात मोलाचं. मी इतरांचे घोडे ठेवायचो तेव्हा ते साधारण असं असायचं:

‘घोड्याला तातडीच्या उपचाराची गरज दिसल्यास तबेलाचालकाने मालकाला फोन करावा. तीस मिनिटांत संपर्क न झाल्यास पशुवैद्यकाला बोलवावे. ठरलेल्या रकमेपर्यंतच्या उपचारांना मालकाची आगाऊ संमती आहे. शस्त्रक्रियेसाठी हलवायचे की नाही आणि घोडा वाचणार नसल्यास दयामरण द्यायचे की नाही, हे खाली दिलेल्या दोन व्यक्तींपैकी जी आधी सापडेल तिने ठरवावे. विमा कंपनीचा तातडीचा नंबर व पॉलिसी क्रमांक सोबत जोडला आहे.’

दयामरणाचा उल्लेख पाहून काही मालक दचकायचे. पण मालक विमानात आहे, फोन बंद आहे आणि घोडा वेदनेने लोळतोय, अशा वेळी तबेलेवाल्याने काय करावं? हे कलम जितकं मालकासाठी आहे तितकंच त्याच्यासाठी.

आता तबेलेवाल्याच्या बाजूने. मालक पैसे देईनासा झाला तर घोडा अडवून ठेवता येतो का? बरेच जण ‘अर्थात’ म्हणतात. जुन्या इंग्लिश कायद्यात नुसतं ठेवून घेणाऱ्याला आणि खाऊ घालणाऱ्याला तसा हक्क नव्हता. घोड्याला शिकवून त्याचं मोल वाढवणाऱ्या प्रशिक्षकाला मात्र तो मिळू शकायचा. अमेरिकेत पुष्कळ राज्यांनी तबेलेवाल्यासाठी वेगळे कायदे केले, आणि त्यात नोटीस, मुदत, लिलाव अशा पायऱ्या ठरवल्या. तुमच्याकडे काय चालतं ते विचारून करारात लिहा. तसं लिहिलेलं नसताना घोडा परस्पर विकलात तर थकबाकी तर जाईलच, वर चोरीचा आळ येईल. आणि अडवून ठेवलेला घोडा रोज खातो, हेही विसरू नका. एका महिन्याचं डिपॉझिट आगाऊ घेणं आणि पहिला हप्ता चुकताच लेखी आठवण पाठवणं, हे कोणत्याही हक्कापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

७. लीज आणि भागीदारी

घोडा विकत न घेता वर्षासाठी लीजवर घेणं नवख्यांसाठी उत्तम, फक्त सुरुवातीचा प्रश्न (पैसे कोणाचे, निर्णय कोणाचा) इथे दुप्पट जोरात विचारा. लीजमध्ये घोडा जायबंदी झाला तर भाडं चालूच राहणार का? विम्याचा हप्ता कोण भरणार आणि भरपाई कोणाला मिळणार? घोडा दुसऱ्या गावी न्यायचा तर परवानगी लागते का? मालकाने मधेच विकायला काढला तर?

भागीदारीत तिघांनी मिळून घोडा घेतला की पहिलं वर्ष मजेत जातं. मग एकाला विकायचा असतो, एकाला शर्यतीला न्यायचा असतो आणि तिसरा पैसे थकवतो. कोणाचा किती हिस्सा, कोण किती दिवस बसणार, मतभेद झाल्यास निर्णय कोणाचा, हिस्सा विकायचा तर आधी कोणाला विचारायचं आणि किंमत कशी ठरवायची, एवढं सुरुवातीलाच लिहा.

८. विमा: पॉलिसीचं नाव वाचू नका, अपवाद वाचा

घोड्याचा विमा म्हणजे एक वस्तू नव्हे. मृत्यूचा विमा वेगळा, उपचार-शस्त्रक्रियेचा वेगळा, घोडा कामातून गेला तर त्याचा वेगळा, घोड्यामुळे तिसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा वेगळा. तबेला चालवणाऱ्याला आणखी एक लागतो, इतरांचे घोडे आपल्या ताब्यात असताना काही झालं तर त्यासाठी. नेहमीच्या दायित्व विम्यात ताब्यातल्या जनावरांचं नुकसान सहसा वगळलेलं असतं, आणि हे दावा करायची वेळ येईपर्यंत अनेकांना ठाऊक नसतं.

अपवादांचं महत्त्व समजायला शेरगार आठवावा. एप्सम डर्बी ही इंग्लंडमधली नामांकित शर्यत १९८१मध्ये जिंकलेला हा घोडा. निवृत्तीआधीच त्याचे चाळीस हिस्से पाडले गेले, प्रत्येकी अडीच लाख पौंडांचे, म्हणजे एकूण एक कोटी पौंड. फेब्रुवारी १९८३मध्ये तो आयर्लंडमधल्या बॅलीमनी फार्मवरून पळवला गेला आणि पुन्हा कधीच सापडला नाही. ज्या हिस्सेदारांच्या विम्यात चोरी धरलेली होती त्यांना पैसे मिळाले. ज्यांनी फक्त मृत्यूचा विमा घेतला होता ते अडकले, कारण घोडा मेल्याचा पुरावाच नव्हता. एकच घोडा, एकच रात्र, आणि भरपाई मिळणार की नाही हे पॉलिसीतल्या ओळींवर ठरलं.

आपल्यासारख्यांना लागणारे मुद्दे असे. रक्कम ठरलेली आहे की मृत्यूच्या वेळचा बाजारभाव देणार? दुसऱ्या प्रकारात घोडा म्हातारा किंवा लंगडा होत गेला की भरपाई घटते, हप्ता मात्र तुम्ही मूळ किमतीवर भरत आलेला असता. जुना आजार वगळला जातो, आणि ‘जुना’ म्हणजे पॉलिसीआधी डॉक्टरच्या नोंदीत आलेली कुठलीही गोष्ट, किरकोळ लंगडणंसुद्धा. डाव्या पुढच्या पायाचा एकदा दावा केलात की नूतनीकरणात तो अख्खा पाय वगळलेला दिसू शकतो. ‘कामातून गेला’ या विम्यात काम कोणतं ते लिहिलेलं असतं. उड्यांसाठी विमा उतरवलेला घोडा साध्या रपेटीला चालत असेल, तर किती टक्के मिळणार ते आधीच विचारा. प्रपोजल फॉर्म एजंटला भरू देऊ नका. लपवलेल्या माहितीचा दोष सही करणाऱ्यावर येतो.

आता कोलिकची ती रात्र. घोडा खात नाही, पोटाकडे वळून बघतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, आडवा होतो, उठतो, परत आडवा होतो. डॉक्टर येतो, नाकातून नळी घालतो, गुदद्वारातून हात घालून तपासतो आणि सांगतो की आतड्याला पीळ पडलाय, आता शस्त्रक्रिया किंवा दयामरण. विमा कंपनीला याच वेळी फोन करायचा, सकाळी नव्हे. बहुतेक पॉलिसींत कंपनीच्या संमतीशिवाय दयामरण दिलं तर मृत्यूचा दावा फेटाळता येतो. असह्य वेदनेत तत्काळ मारणं भाग होतं, असं डॉक्टरने लेखी दिलं तर सूट असते. ते प्रमाणपत्र तिथल्या तिथे लिहून घ्या. शवविच्छेदनाची अट असू शकते, म्हणून विचारल्याशिवाय घोडा पुरू नका. हे सगळं त्या अवस्थेत आठवत नाही. तबेल्याच्या दारामागे कंपनीचा चोवीस तासांचा नंबर, पॉलिसी क्रमांक आणि घोड्याचं नाव असलेला कागद चिकटवून ठेवा.

९. दुसऱ्याला लागलं तर

ब्रिटनमधला एक खटला प्रत्येक मालकाला माहीत असावा. काही घोडे रात्री कशाला तरी घाबरून, कुंपण मोडून पळाले आणि मोठ्या रस्त्यावर एका गाडीवर आदळले. कुंपण ठीक होतं, मालकांची हलगर्जी सिद्ध झाली नाही. तरीही २००३मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, १९७१च्या प्राणी कायद्याखाली मालकांना जबाबदार धरलं. ‘माझी काय चूक?’ हा बचाव सगळीकडे चालत नाही. म्हणून घोडा एकच असला आणि तो कधीच गर्दीत जात नसला, तरी तिसऱ्या पक्षाचा विमा घ्याच. बाकी विम्यांच्या मानाने तो स्वस्त पडतो.

लोकांना रपेट मारायला देणाऱ्यांचं ओझं मोठं. त्यांची ढाल म्हणजे स्वाराने सही केलेला जोखीम-स्वीकृतीचा फॉर्म. तो घ्यावाच, पण त्याच्या भरवशावर झोपू नये. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत घोड्यांच्या अंगभूत धोक्यांपासून चालकांना संरक्षण देणारे कायदे आहेत आणि अनेक ठिकाणी त्यासाठी ठरावीक मजकुराची पाटी लावावी लागते. तिथेही सदोष खोगीर-लगाम दिलं, किंवा स्वाराची कुवत न बघता तापट घोडा दिला, तर संरक्षण सहसा गळून पडतं. लहान मुलांच्या बाबतीत पालकांच्या सहीला किती वजन, हे तर जागोजागी वेगळं.

त्यामुळे सहीपेक्षा नोंदवही जास्त कामाची. स्वाराचं वजन, आधीचा अनुभव, कोणता घोडा दिला, हेल्मेट दिलं का. तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) कोणी आवळला आणि परत कोणी तपासला. हा दुसऱ्यांदा तपासण्याचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण पुष्कळ घोडे तंग आवळताना पोट फुगवतात आणि पाच मिनिटं चालल्यावर खोगीर ढिलं होऊन फिरतं. स्वार बसण्याआधी एकदा आणि थोडं चालवून पुन्हा एकदा, दोन्ही वेळी नोंद. अपघात झाला तर त्याच दिवशी लिहा: वेळ, जमीन ओली की कोरडी, कोण हजर होतं. माफी मागताना, धीर देताना ‘सगळा खर्च आम्ही करू’ असं बोलून जाऊ नका. विमा कंपनीला विचारल्याशिवाय जबाबदारी कबूल केली तर संरक्षण जाऊ शकतं. माणसाला दवाखान्यात मात्र लगेच न्या.

१०. हौस की धंदा

दोन-चार घोडे ठेवून घेतले, थोडं शिकवलं, एखादं शिंगरू विकलं, की कर खात्याच्या नजरेत प्रश्न उभा राहतो: हा धंदा आहे की खर्चिक छंद? छंदाचा तोटा इतर उत्पन्नातून वजा करू देत नाहीत. अमेरिकेत घोड्यांची पैदास, प्रशिक्षण, शो आणि शर्यती यांसाठी ढोबळ कसोटी अशी की सातपैकी दोन वर्षं नफा दाखवला तर धंदा गृहीत धरतात. नाही दाखवला तरी संपलं असं नाही, पण मग तुम्ही धंद्यासारखे वागताय हे दाखवावं लागतं. वेगळं बँक खातं, घोडावार खर्चाची वही, लेखी दर, तोटा होतोय म्हणून काय बदललं याची नोंद. हे कुठल्याही देशात उपयोगी, आणि कर खात्याने विचारलं नाही तरी कोणता घोडा पैसे खातोय ते तुम्हाला कळतं.

कामावरचा माणूस नोकर की स्वतंत्र कंत्राटी, याचा निकाल तुम्ही त्याला काय म्हणता यावर लागत नाही. रोज पहाटे पाचला या, अमुक क्रमाने काम करा, आमचीच अवजारं वापरा असं असेल तर तो बहुधा नोकरच ठरतो. घोड्याची लाथ बसली की हा प्रश्न त्याच दुपारी दारात येतो. त्याचा अपघात विमा पहिल्या दिवसापासून हवा.

पैदाशीच्या करारात ‘जिवंत शिंगराची हमी’ असं लिहिलेलं असतं. जिवंत म्हणजे काय ते पाहा. चांगल्या करारात शिंगरू उभं राहून दूध प्यालं, अशी व्याख्या असते. गाभण काळ सुमारे अकरा महिन्यांचा, म्हणजे पैसे आज जाणार आणि उत्तर पुढच्या वर्षी मिळणार. हमी मोडली तर पैसे परत की पुन्हा संधी, आणि घोडी विकली तर ती संधी कोणाला?

११. घोडा तुमच्यानंतरही असतो

विसाव्या वर्षी निवृत्त झालेला घोडा आणखी दहा वर्षं खाऊ शकतो. ‘चांगल्या घरी फुकट दिला’ असं करताना परत विकायचा नाही, नको झाला तर आधी मला विचारायचं, अशी अट लिहून घ्या. ती मोडली गेल्यावर घोडा परत मिळवणं कठीण असतं, पण लेखी अट असली की घेणारा निदान दोनदा विचार करतो.

मृत्युपत्रात घोडा कोणाला जाणार एवढंच लिहून भागत नाही. बऱ्याच ठिकाणी वारसाहक्काचे कागद व्हायला महिने लागतात आणि तोवर खाती गोठलेली असतात. सहा महिन्यांचा चारा आणि तबेल्याचं भाडं भागेल एवढी रक्कम अशा खात्यात ठेवा ज्यावर तुमच्याशिवाय आणखी एका विश्वासू माणसाचीही सही चालते. सोबत एक साधा कागद: घोडा काय खातो, कोणतं औषध चालू आहे, डॉक्टर आणि नालबंद कोण, आणि तुम्ही नसताना निर्णय कोणी घ्यायचा. त्याची एक प्रत तबेलेवाल्याकडे द्या. त्यावरच्या नंबरांवर वर्षातून एकदा फोन लावून बघा, कारण लोक नंबर बदलतात आणि घोड्याच्या फाइलला कळवायचं राहून जातं.